कुत्र्याची ओसरी

आपली जुनी घरे बांधणाऱ्यांनी एक गोष्ट मोठ्या शहाणपणाने केली होती. घर आणि रस्ता यांच्यामध्ये त्यांनी नुसती एक भिंत उभी केली नाही. बाहेरून येणाऱ्यास प्रथम दिंडीदरवाजा, मग अंगण, मग ओसरी, मग सोपा, मग माजघर आणि शेवटी स्वयंपाकघर व देवघर असे टप्पे लागत. ज्याचा जेवढा संबंध तेवढा तो आत येई. वाटसरू ओसरीवर पाणी पिऊन जाई. घरातील वृद्ध मनुष्य तेथेच खांबास टेकून दुपार काढी. आणि घरचे कुत्रे, जे पुरते घरातले नव्हे आणि बाहेरचेही नव्हे, ते तेथेच एका कोपऱ्यात अंग टाकून पडे. त्यास ती जागा कोणी नेमून दिलेली नसे, ती असेच.

या टप्प्यांनी पुष्कळांना अकारण बाहेर तिष्ठत ठेवले हेही खरे, आणि तेवढ्यापुरते ते मोडले हे बरेच झाले. परंतु आजच्या फ्लॅटात टप्पेच उरलेले नाहीत. दार उघडले की मनुष्य एकदम दिवाणखान्यात, आणि तेथून चार पावलांवर देवघर. जो तो एक तर सर्वस्वी आत, नाहीतर सर्वस्वी बाहेर. माणसांचे यात कसेबसे निभावते. चौतीस किलो वजनाच्या कुत्र्याचे निभावत नाही.

आमचा मोत्या जर्मन शेफर्ड जातीचा आहे. आमच्या नगरात (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर) जुनी माणसे या जातीस अजूनही अल्सेशियन म्हणतात. दिल्ली दरवाजाच्या आतल्या बाजूस आमचा वाडा होता. तेथे तो दोन महिन्यांचा असताना आला आणि सहा वर्षे ओसरीवर वाढला. पुढे वाड्याच्या वाटण्या झाल्या, वाडा पाडला गेला आणि आम्ही सावेडी उपनगरात दुसऱ्या मजल्यावर राहावयास आलो. सहाशे वीस चौरस फूट जागा. तीत मामंजी, सासूबाई, आम्ही उभयता, धाकटे भाऊजी आणि दोन मुले अशी सात माणसे. मोत्या आठवा.

त्याला खाऊ घालण्याविषयी घरात कधीच मतभेद नव्हता. वैश्वदेवानंतर यमाच्या श्याम आणि शबल या दोन श्वानांच्या नावे बळी ठेवण्याची चाल आमच्याकडे मामंजींच्या वडिलांपर्यंत होती. सासूबाई दत्तजयंतीस नेवाशाजवळच्या देवगडास जातात आणि दत्ताच्या पायाशी असलेल्या चार कुत्र्यांना चार वेद मानून हात जोडतात. परंतु बळी उंबऱ्याबाहेर ठेवावयाचा असतो आणि दत्ताचे कुत्रे देवळात असतात. निजावयास घरात जागा देणे ही गोष्ट निराळी. मामंजींनी सारे आयुष्य संस्कृत शिकविण्यात घालविले. ते म्हणाले, “महाप्रस्थानिक पर्वात इंद्राने धर्मराजापुढे हीच अडचण मांडली. कुत्रा बाळगणाऱ्यास स्वर्गात जागा नाही म्हणाला. खाण्यापिण्याची गोष्ट त्याने काढलीच नाही.”

“मग धर्मराज काय म्हणाला?” मुलांनी विचारले.

“त्याने कुत्र्यावाचून रथात पाऊल ठेवण्याचे नाकारले.”

“त्याला सोवळ्यात स्वयंपाक करावयाचा नव्हता!” स्वयंपाकघरातून सासूबाईंचे उत्तर आले.

या वादात मोत्याने आपले मत निजून दिले. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधली जी अरुंद वाट, नेमकी तीच त्याने धरली. तेथून घराचे दार दिसे, खोल्यांची दारे दिसत आणि स्वयंपाकघरात कोण आहे तेही दिसे. राखणीच्या जातीच्या प्राण्यास याहून सोयीची जागा नव्हती आणि माणसांस याहून गैरसोयीची नव्हती. दर पाच मिनिटांनी कोणीतरी त्यास ओलांडी आणि तो दर वेळी उठे. कुत्रे दिवसाचे निम्म्याहून अधिक तास विश्रांतीत घालविते. वय झाले की अधिकच. मोत्या आता नऊ वर्षांचा आहे आणि मोठ्या जातींच्या कुत्र्यांस या वयात म्हातारे समजतात. त्याच्या मागच्या पायांत कमजोरी दिसू लागली होती. कंबरेच्या सांध्याचे दुखणे या जातीत पुष्कळदा आनुवंशिक असते. डॉक्टरांनी औषध दिले आणि सांगितले, “याला वारंवार उठवू नका, गुळगुळीत फरशीवर चालवू नका आणि कठीण जमिनीवर निजवू नका.” तिन्ही गोष्टी आमच्या घरात दिवसभर घडत होत्या.

तेव्हा जागेचा शोध सुरू झाला. बाल्कनी सर्वांस प्रथम सुचली. परंतु ती पश्चिमेस आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत नगरचा पारा चाळिशीस टेकतो. शिवाय तेथे तो माणसांपासून तुटला असता. न्हाणीघराच्या बाजूस नेहमी ओल. मुलांच्या खोलीत निजविले तर दोघांचीही झोप जाणार. राहता राहिला दिवाणखान्यातील खिडकीखालचा कोपरा. दोन बाजूंस भिंत, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, आणि तरीही तेथून घराचे दार दिसे व स्वयंपाकघराची चाहूल लागे. परंतु त्या कोपऱ्यात सासूबाईंची लोखंडी ट्रंक होती. वाड्यातील तांब्यापितळेची भांडी, पंचपात्रे, परात, सतेली, मोठा बंब असे सारे तीत होते. जे मावले नाही ते तिच्यावर रचलेले होते. वाडा गेल्यावर वाड्याचे म्हणून जे काही उरले, ते त्या ट्रंकेत होते. ती हलविण्याची गोष्ट घरात कोणी काढली नाही.

ती सासूबाईंनीच काढली. एके रात्री पाणी पिण्यास उठल्या असता त्यांनी मोत्याला उठताना पाहिले. पुढचे पाय उभे राहिले होते आणि मागचे दोन्ही फरशीवरून बाजूला सरकत होते. तीनदा प्रयत्न करून तो उठला आणि त्यांना वाट देऊन बाजूला झाला. सकाळी त्या यजमानांस म्हणाल्या, “बंब कोणाला तरी देऊन टाक. बाकीचे माळ्यावर चढव. मला तरी आता ती परात कोठे उचलवते!” मात्र त्यांनी एक अट घातली: स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या बाजूस मोत्याने पाऊल टाकावयाचे नाही. यजमानांनी तेथे दोन बोटे उंचीची लाकडी पट्टी बसविली. तीन आठवड्यांत मोत्याने तो उंबरा मानला.

मग अंथरुणाचा प्रश्न. बाजारात मिळणाऱ्या काठाच्या गोल गाद्या लहान कुत्र्यांस ठीक; मोठे कुत्रे पाय ताणून निजते आणि सांधे दुखत असले तर त्यास काठ अडतो. आम्ही रीतसर माप घेतले. मोत्या कुशीवर पाय पसरून निजला असता नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजले, त्यात वीतभर मिळविली आणि साडेचार फूट लांब व तीन फूट रुंद असे माप ठरले. खाली चार इंच जाडीचा काथ्याचा घट्ट थर, वर पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली पातळ कापसाची गादी. नुसत्या कापसाच्या गादीत एवढ्या वजनाने चार महिन्यांत खड्डा पडतो आणि कुत्र्याचे कोपर जमिनीस टेकते. तेथे केस जाऊन घट्टे पडतात. गादी योग्य आहे की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे: गुडघा टेकून आपला भार द्यावा, जमीन लागली तर ती गादी मोठ्या कुत्र्याच्या कामाची नव्हे. गादीवर रेक्झीनची खोळ, कारण वृद्ध कुत्र्यास कधी रात्र निभत नाही. तिच्यावर जाड खादीचे अभ्रे, एक अंगावर व एक धुण्यात. खाली धनगरी घोंगडी अंथरली, म्हणजे गादी सरकत नाही. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत काथ्याच्या पट्ट्या टाकल्या. पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापले की पाय कमी घसरतो, हेही डॉक्टरांनी दाखवून दिले.

थंडीत हे सारे उत्तम चालले. परंतु उन्हाळा लागताच मोत्या गादी सोडून गुळगुळीत फरशीवर जाऊ लागला. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून आणि विरळ केसांचे पोट थंड जमिनीस लावून अंग निववितो. त्यास थंड जमीन हवी होती, पण घसरणारी नको होती. त्या दिवशी मामंजी काही न बोलता खाली गेले. वाडा पाडला जात असता त्यांनी ओसरीच्या चार शहाबादी फरशा मजुरांकडून बाजूस ठेवून घेतल्या होत्या आणि त्या तीन वर्षे खाली वाहनतळाच्या भिंतीस टेकून उभ्या होत्या. त्यांचे काय करावयाचे हे त्यांनी कधी सांगितले नव्हते व कोणी विचारलेही नव्हते. भाऊजींनी त्या वर आणल्या. गादीच्या शेजारी चार फूट बाय चार फूट अशी ती खरबरीत, काळसर बैठक झाली. मोत्याने तिचा वास घेतला, पुष्कळ वेळ घेतला, आणि पोट टेकून तिच्यावर पसरला.

मुलांस नियम एकच घातला: मोत्या त्या कोपऱ्यात असेल तोवर त्यास हात लावावयाचा नाही, हाक मारावयाची ती दुरून. निजलेले कुत्रे दचकून उठले तर कितीही गरीब असले तरी चावू शकते. पण नियमाचा हेतू तेवढाच नव्हता. जेथे आपल्याला कोणी उठविणार नाही अशी एक जागा घरात प्रत्येकास असावी, हे मुलांस अन्यथा कसे समजणार?

आणि ते आम्हां मोठ्यांसही निराळ्या रीतीने समजले. फ्लॅटात आल्यापासून मामंजी वर्तमानपत्र हाती घेऊन घरभर फिरत असत. दिवाणखान्यात बसले की मुलांचा अभ्यास, खोलीत बसले की सासूबाईंची विश्रांती, बाल्कनीत बसले की वाळत घातलेले कपडे. कोणी त्यांस “उठा” म्हणत नसे; तेच आपण होऊन उठत आणि वाट देत. फरशा बसल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी आपली आरामखुर्ची त्यांच्या कडेस आणून ठेवली. “याच्यावर लक्ष असलेले बरे,” एवढेच म्हणाले. आता दुपारी दोघेही तेथे असतात. मामंजी खुर्चीत वाचता वाचता डोळा लावतात, त्यांचे पाय ओसरीच्या फरशीवर असतात, आणि मुले आपला नियम दोघांसही लागू करतात.

मोठ्या कुत्र्यांचे आयुष्य थोडे. मोत्याची अशी किती वर्षे उरली याचा हिशेब आम्ही करीत नाही. पण सकाळी तो पहिल्याच प्रयत्नात उठला की सासूबाई तसे सर्वांस सांगतात.

धाकट्या भाऊजींचे यंदा लग्न आहे आणि त्यांनी जवळच नवा फ्लॅट पाहिला आहे. परवा त्याचा नकाशा घेऊन ते घरी आले. शयनगृहे, न्हाणीघरे, वाहनाची जागा सारे मोजून दाखविलेले होते. मामंजींनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला, आणि दाराच्या आतल्या अंगास पेन्सिलीने एक लहानसा चौकोन काढला.

“ही जागा मोकळी ठेव,” ते म्हणाले.

“कोणासाठी, आप्पा?”

“ते अजून ठरलेले नाही.”