कोरीगडाचे तीन दिवस

पौडला मुळशीचा रस्ता सोडून कोळवणच्या अंगाला वळलं, की किल्ल्यांची रांग सुरू होते. आधी तिकोना, मग पवनेच्या पाण्याकाठी तुंग, पुढे लोहगड-विसापूर. लोणावळ्याला वळसा घालून पेठ शहापूरला पोचायचं, हा कोरीगडाचा लांबचा रस्ता. पण मी तोच धरला, कारण १८१८च्या मार्चमध्ये हे सगळे गड एकामागून एक इंग्रजांकडे गेले आणि त्यांच्या पायथ्यानं जाताना ती पडझड डोळ्यांना कळते.

खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची. बाराच दिवसांनी पुणं इंग्रजांच्या हाती गेलं. पेशव्यांची फौज रातोरात निघून गेली होती, शहरासाठी लढायला कोणी उरलंच नव्हतं. १८१८च्या २० फेब्रुवारीला आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. इंग्रजांचा कर्नल प्रॉथर तोवर कर्नाळा घेऊन कोकणातून वर आला. लोहगड-विसापूर मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुटले. तुंग, तिकोना, राजमाची यांनी झुंज दिलीच नाही.

कोरीगडापुढे प्रॉथर ११ मार्चला आला.

पेठ शहापूरहून पायऱ्यांची चढण फार नाही. गणेश दरवाजातून आत गेलं की मोठं पठार, दोन तळी, कोराईदेवीचं देऊळ, उघड्यावर पडलेल्या तोफा. तटबंदी मात्र अजून धडधाकट. तिच्यावरून चालत गडाला पुरी फेरी घालता येते. खाली आज नव्या वसाहतीची धावपट्टी दिसते. मी मात्र फेरीभर तेव्हा गड लढवणाऱ्या शिबंदीचाच विचार करत होतो. सेनापती मारला गेलेला, पेशवा पळतोय, शेजारचे गड रिकामे झालेले. कुमक येणार नाही, हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. तरी ते लढले. शेवटी तोफेचा गोळा दारूकोठारावर पडला, भडका उडाला आणि १४ मार्चला गड खाली झाला. त्या माणसांची नावं मला हवी होती. इथे एकही कोरलेलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

तीन दिवसांनी घनगड गेला. १० मे रोजी रायगडही प्रॉथरनंच घेतला. तिथेही तोफगोळ्यांनी आग लावली, वाड्यात पेशवे बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई होत्या. स्वतः बाजीराव ३ जूनला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर.