वाहनाचें वाहन

प्रवासाला निघतांना काय न्यावें आणि काय मागें ठेवावें, हा प्रश्न प्रत्येक घरांत पडतो. पंढरीस जावयाचें असो वा लेकीच्या सासरीं, घरांतील वडील मंडळी आदल्या रात्रीं वळकट्या आवळीत बसतात आणि स्त्रिया दशम्यांची पुरचुंडी कोठें ठेवावी याचा विचार करतात. परंतु आमच्या बीड जिल्ह्यांत दसरा सरला कीं हजारों कुटुंबांपुढें जो प्रश्न उभा राहतो, तो याहून फार बिकट आहे. त्यांना सबंध घर हलवावयाचें असतें. घराबरोबर गाडी न्यावयाची असते. आणि गाडीबरोबर ती ओढणारे बैलही न्यावयाचे असतात. म्हणजे वाहनालाच दुसऱ्या वाहनांत घालून परमुलुखीं पोंचवावयाचें, आणि तेंही लेंकराबाळांसह! हें कसें साधावें याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांविषयीं मी बोलतों आहें, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज हा आमचा बालाघाटच्या डोंगरपट्टीचा मुलूख पर्जन्यछायेचा. खरिपाचें पीक पदरांत पडलें न पडलें तोंच घरांतील धान्य संपूं लागतें. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढें पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने निघाले, आणि त्यांना ऊस तोडणारे हात आमच्या डोंगरपट्टीनें पुरविले. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून हंगामापूर्वींच उचल घेतलेली असते, आणि ती फेडण्यासाठीं पांच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा थेट बेळगांवाकडे जाऊन राहावें लागतें. ज्यांच्यापाशीं बैल नाहींत ते ‘डोकी सेंटर’चे मजूर, मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरून द्यावयाचा, हें त्यांचें काम. ज्यांच्यापाशीं जोडी आहे त्यांना तोडणीबरोबर वाहतुकीचेही पैसे मिळतात. यासाठींच बैल पोटच्या पोराप्रमाणें संभाळावा लागतो. आज चांगल्या जोडीची किंमत सहज लाखाच्या घरांत जाते.

माझें सारें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें, म्हणून एक शब्द येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बैलाला संस्कृतांत ‘अनडुह्’ असें एक नांव आहे. ‘अनस्’ म्हणजे गाडी आणि ‘वह्’ म्हणजे वाहणें. गाडी वाहतो तो अनडुह्. आपलें ‘जूं’ तें संस्कृतांतील ‘युग’, आणि तें ज्या ‘युज्’ धातूपासून निघालें त्याच धातूचा ‘योग’. वर्गांत ही व्युत्पत्ति सांगतांना मुलांना मोठी मौज वाटे, कारण निम्म्या मुलांच्या अंगणांत गाडी उभी असे. दिवाळीनंतर मात्र त्याच वर्गांतील बांकें रिकामीं पडत. जो गाडी वाहतो त्यालाच उचलून गाडींत घालण्याची पाळी आमच्या काळानें आणली, हें पाहून पाणिनीलाही नवल वाटलें असतें.

दोन वर्षांपूर्वीं आश्विनांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. मुकादमानें दिलेला करारनामा वाचून दाखवा, एवढेंच त्याला हवें होतें. वाचन झाल्यावर तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, “गुरुजी, अजून एक विचारायचं होतं. मुकादम एकच गाडी देतो म्हणतो. बैल, टायरगाडी, बिऱ्हाड, दोन पोरं आणि म्हातारी. कसं न्यावं, तुम्हीच सांगा.” त्याच्या मनांत तीन वाटा होत्या. आम्ही दोघांनीं त्या एकेक करून तपासल्या. तोच हिशेब येथें मांडतों.

पहिली वाट वाडवडिलांची. गाडी जुंपावी आणि रस्त्यानें चालूं लागावें. भाडें नाहीं, कोणाचे उपकार नाहींत. परंतु त्याचा कारखाना कोल्हापूरकडे. अंतर तीनशें किलोमीटरांच्या वर. बैलाची चाल ताशीं तीन किलोमीटरांची. ओढीच्या जनावरांविषयीं केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यांप्रमाणें जनावराला दिवसांत एकंदर नऊ तासांहून अधिक आणि विसांव्यावांचून सलग पांच तासांहून अधिक जुंपूं नये, आणि उष्मा ३७ अंशांवर गेला असतां दुपारीं बारा ते तीन जुंपूंच नये. नऊ तासांत पंचवीस-तीस किलोमीटर धरले तरी दहा-बारा दिवस वाटेंत मोडतात. तितके दिवस मजुरी बुडते, बैलांच्या पत्र्या झिजतात, आणि हमरस्त्यावर रात्रीं मागून येणाऱ्या मोटारींना गाडी दिसत नाहीं. पट्टा पडल्यावर परत यावयाचें तें चैत्र-वैशाखांत. तेव्हां तर दुपारचे तास हिशेबांतून वगळावेच लागतात. जवळच्या कारखान्याला ही वाट ठीक, दूरच्याला नाहीं.

दुसरी वाट ट्रकची. ट्रक ओढ्याच्या दरडीला किंवा बांधाला मागून लावतात, फळी टाकतात आणि बैल आंत चढवितात. मग त्यांच्या पायांशीं बिऱ्हाड, बाजूला बाजरीचीं पोतीं, वर गाडीचा साटा आणि साट्यावर माणसें, असा प्रकार पुष्कळदां दृष्टीस पडतो. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम मीं त्याला वाचून दाखविले. एका ट्रकांत सहापेक्षां अधिक गुरें घालूं नयेत. खालीं घसरूं नये म्हणून काथ्याची चटई किंवा फळ्या असाव्या. गुरें शक्यतों इंजिनाकडे तोंड करून उभीं करावीं. संगतीला एक माणूस असावा. आणि त्याच गाडींत दुसरा कसलाही माल भरूं नये. तो ऐकत होता, आणि शेवटच्या नियमाला हंसला. “मग बिऱ्हाड डोक्यावर घेऊ का, गुरुजी?” त्याचें हंसणें मला समजलें, पण नियमामागचें कारणही समजण्याजोगें आहे. गाडी वळणावर कलली कीं भरलेलें पोतें जनावराच्या पायावर येतें. शेजारच्या गांवीं असाच एक बैल ट्रकांत घसरला आणि त्याचा पाय मोडला. उरलेल्या एका बैलाला जोड मिळेना. तें कुटुंब त्या वर्षीं बैलवाल्यांतून डोकीवाल्यांत आलें, उचल फिटली नाहीं, आणि पुढल्या वर्षीं मागल्या उचलीसाठींच पुन्हा जावें लागलें. एका बैलाच्या पायानें घराचें सारें गणित फिरलें.

तिसरी वाट आज सर्वांत अधिक चालणारी. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. एकींत बिऱ्हाड आणि माणसें, दुसरींत बैल, आणि जागा उरत नाहीं म्हणून टायरगाडी दोरखंडानें शेवटच्या ट्रॉलीमागें बांधलेली. माझ्या विद्यार्थ्याचा कल याच वाटेकडे होता, कारण हींत खर्च सर्वांत कमी. मला मात्र हीच सर्वांत भयंकर वाटते. मागें बांधलेल्या गाडीला ब्रेक नाहीं, दिवा नाहीं. पुढच्या ट्रॉलीचा थोडा झोल दुसरीला अधिक लागतो आणि शेवटच्या गाडीला सर्वांत अधिक. घाटांत उतरतांना ती पुढें ढकलते, चढतांना मागें खेंचते.

हें म्हणतांना मला अमेरिकेंतील माझ्या भाच्याचें एक पत्र आठवलें. तिकडे लोक सुटींत निजण्याबसण्याची सोय असलेलें चाकांवरचें घर मोटारीमागें जोडून रानांत जातात, आणि हौसेखातर चार जाड चाकांच्या फटफट्याही संगें नेतात. मग त्यांनाही हाच पेंच: फटफट्या मोटारीच्या पाठीवर चढवाव्या, घराच्या पोटांत ठेवाव्या, कीं घरामागें आणखी एक गाडी जोडावी? कांहीं राज्यांत एका मोटारीमागें दोन गाड्या जोडावयास मुभा आहे, कांहींत बंदी आहे. त्यानें लिहिलें होतें कीं मागच्या गाडीच्या एकंदर वजनापैकीं शेंकडा दहा ते पंधरा भार जोडाच्या सांध्यावर यावा असें तेथें सांगतात. त्याहून कमी झाला तर गाडी मागें डुलूं लागते, अधिक झाला तर मोटारीचें बूड दबतें. हें वाचून मला गंमत वाटली. आमचा निरक्षर गाडीवानही ऊस भरतांना हेंच पाहतो. भार पुढें गेला तर बैलांची मान दबते. मागें गेला तर गाडी उलार होते आणि जूं गळ्याला फांस लावतें. सुटीसाठीं निघालेला अमेरिकन गृहस्थ आणि पोटासाठीं निघालेला पाटोद्याचा गाडीवान या दोघांनाही भाराचा नियम एकच. फरक इतकाच कीं पहिल्याला कोणती गाडी घ्यावी हें स्वतः ठरवितां येतें. दुसऱ्याची निवड उचल देणारा करतो.

तीनही वाटा अशा तपासल्यावर मीं त्याला म्हटलें, “अरे, तूं प्रश्नच उलट्या टोंकाकडून धरला आहेस. आधीं गाडी कशी मावेल तें पाहतोस, मग बैल, आणि उरल्या जागेंत पोरें. आधीं माणसें ठरव, मग बैल, आणि शेवटीं गाडी.” या क्रमानें पाहतांच कांहीं गोष्टी सुटल्या. पुष्कळ कारखाने टायरगाडी तेथेंच भाड्यानें देतात. भाडें बिलांतून कापून घेतात. गाडी न्यावयाचीच नाहीं असें ठरलें तर निम्मा पेंच संपला. यावर तो कांहींसा खिन्न झाला. “आपली गाडी असली म्हणजे कुणाचं देणं राहत नाही, गुरुजी,” तो म्हणाला. गाडी वडिलांनीं केलेली होती. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें, आणि मीं त्याला आग्रह केला नाहीं. फक्त गाडी नेण्याचा खर्च आणि हंगामाचें भाडें हे दोन आंकडे पाटीवर शेजारीं मांडावयास सांगितले. ते त्यानें स्वतः मांडले.

दुसरी गोष्ट बैलांची. नियमाप्रमाणें ट्रकांत सहा गुरें. म्हणजे तीन जोड्या, म्हणजे तीन घरें. वाडींतील आणखी दोघांनीं एकत्र यावें आणि एक ट्रक बैलांचाच करावा, तिघांनीं पाळीपाळीनें त्यांच्यापाशीं उभें राहावें, असें ठरलें. तिघांचें बिऱ्हाड मुकादमाच्या ट्रॉलींत. तिसऱ्या घरचा म्हातारा आपली गाडी सोडावयास तयार नव्हता. त्याच्या गाडीचीं चाकें काढून साटा ट्रॉलीच्या तळाशीं, बरोबर तिच्या चाकांवर भार येईल असा, उलथा घातला आणि त्यावर सामान रचलें. मागें दोरीनें कांहीं बांधलें नाहीं. ट्रॉलीच्या पाठीमागें तांबडी चकाकती पट्टी डकविली.

आणि माणसें? बायकामुलांना एस. टी. नें पाठवावें ही सूचना त्याच्या बायकोचीच. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस. टी. चें भाडें निम्में झालें आहे. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून तें माफच आहे. त्याची आई शहात्तर वर्षांची. तिला कांहींच पडणार नव्हतें. बारा वर्षांखालील मुलांना अर्धें तिकीट. एकंदर रक्कम पाहून त्यालाच आश्चर्य वाटलें. मालाच्या ट्रॉलीवर माणसें बसविणें कायद्यालाही मान्य नाहीं, आणि रात्रीं पोत्यांवर झोंप लागलेलें लेंकरूं कोणत्या वळणावर खालीं येईल याचा नेम नसतो.

मुकादमानें आधीं नाक मुरडलें. ट्रकाचा निम्मा खर्च तिघांच्या नांवावर चढवूनच त्यानें होकार दिला. तो न्याय होता असें मी म्हणत नाहीं. पण सहाही बैल चालत खालीं उतरले, आणि दुसऱ्या दिवशीं कोप्या उभ्या राहिल्या. फाल्गुनांत माझ्या विद्यार्थ्यानें दूरध्वनीवरून सांगितलें कीं बैल वाढ्यावर माजले आहेत आणि म्हातारी कोपीपुढें नातवंडें संभाळते आहे. धाकटा मुलगा मात्र मागेंच गांवांतील हंगामी वसतिगृहांत राहिला होता, एस. टी. चा बेत करतांना हा विचार निघाला आणि आईनेंच तो उचलून धरला. पुस्तकासह जो एक जीव मागें राहिला, त्याचें मला सर्वांत अधिक समाधान वाटतें.

सारें असें जुळतेंच असें नाहीं. २०२२ सालीं गुरांवर लंपीची साथ आली. जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध पडले, आणि जोडी दावणीला बांधून कित्येकांना वेगळा विचार करावा लागला. आतां बैलांऐवजीं लहान ट्रॅक्टरला टायरगाड्या जोडण्याची ‘जुगाड’ही पसरत आहे, आणि तोडणीचीं यंत्रेंही आलीं आहेत. उद्यां अनडुह् हा शब्द कोशांतच उरेल कदाचित्. पण जोंवर एकही कुटुंब घर पाठीवर घेऊन निघतें आहे, तोंवर त्याला नीट कसें न्यावें हा प्रश्न शिळा होत नाहीं.

वाचकांपैकीं कोणाचा मुलगा कारखान्याच्या शेतकी खात्यांत असेल, कोणाचा जांवई परिवहन खात्यांत, कोणी संचालक असतील. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं हंगामाच्या आरंभीं आणि अखेरीस बैलांसाठीं निराळी, माणसांसाठीं निराळी आणि सामानासाठीं निराळी गाडी पाठविण्याची तजवीज कारखान्यानेंच करावी, आणि तो खर्च उचलींत मिळवूं नये. मजुरानें ही निवड एकट्यानें, उचलीचें ओझें मानेवर असतांना, करावी अशी अपेक्षा बाळगणें योग्य नव्हे. आणि ज्यांच्या हातीं असा कांहींच अधिकार नाहीं त्यांनीं निदान कार्तिकांत रात्रीं मोटारींतून जातांना पुढें संथ चाललेली ट्रॉली दिसली तर कर्णा वाजवून तिच्यामागें लागूं नये. अंतर ठेवावें, दिवा खालीं करावा. तिच्यावर एखादें निजलेलें लेंकरूं असणें अगदीं संभवनीय आहे.