अम्मीचा अर्धा स्वेटर

यंदा साताऱ्याच्या थंडीत आम्ही दोघी बहिणींनी तीन विणकामं हातावेगळी केली : भाचीचे मोजे, धाकट्याची कानटोपी आणि नमाजासाठी क्रोशाची पांढरी टोपी. पिशवीत राहिला तो अम्मीचा अर्धा स्वेटर.

अब्बांसाठी घातलेला. बारा नंबरच्या सुयांवर एक सुलट, एक उलट अशी पट्टी, मग दहा नंबरवर अंग. काखेपर्यंत आला आणि 2019 मध्ये अम्मी अल्लाला प्यारी झाली. पुढं आम्ही विणलं, पण तिचा हात घट्ट, आमचा सैल. जोड लांबूनही दिसायचा. तीनदा उसवलं.

‘सगळाच उसवा. लोकर धुऊन, वजन टांगून वाळवा, वळ्या जातील,’ शेजारच्या खाला म्हणाल्या. तिचे टाके उसवायला आमचा हात धजेना. अब्बा काही विचारत नाहीत. थंडी पडली की पिशवीकडे बघतात तेवढं.

आता ठरलंय. तिच्या विणीला हात लावायचा नाही. सैल हाताला बारीक सुई, म्हणून वरचा भाग अकरा नंबरवर घ्यायचा. तरीही जोड दिसला तर दिसू दे. अम्मी कुठं थांबली, हे घरातल्या पोरांना कळायला हवं.