विजारीची कंबर

हाताने विणलेला स्वेटर थोडा सैल झाला तरी चालतो आणि टोपी घट्ट झाली तर ती धाकट्या भावंडासाठी ठेवता येते. विजारीचे तसे नाही. ती कमरेवर राहते, नाहीतर घोट्यांत येऊन पडते. आपल्यापैकी ज्या आजींनी नातवंडांसाठी लोकरीची विजार विणली असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

माझा नातू निफाडला असतो. तिथली पहाटेची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली आहे. तो चालू लागला त्या हिवाळ्यात मी त्याच्यासाठी गडद निळ्या लोकरीची विजार विणून पाठवली. फोनवर सूनबाई म्हणाली, "छान झाली आहे, आई." जानेवारीत मी तिकडे गेले. सकाळी नातवाला उचलून मांडीवर घेतले, तेव्हा माझ्या बोटाला काहीतरी टोचले. विजारीची कंबर मागे चुणी घालून सेफ्टी पिनेने आवळलेली होती आणि ती पिन उघडली होती. बाळाच्या पाठीवर एक लाल ओरखडा उमटला होता, एवढ्यावरच निभावले. सूनबाई रडवेली झाली. "तुम्ही इतक्या हौसेने विणलेली, सारखी घसरते हे कसं सांगायचं?" असे म्हणाली. दोष तिचा नव्हता. हाताने केलेल्या वस्तूला नाव ठेवलेले मला सोसत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याची किंमत त्या कोवळ्या कातडीने मोजली.

त्या दुपारी मी विजार उलटीसुलटी करून पाहिली. कंबर मी एक सुलटा, एक उलटा अशी दोन इंच विणली होती आणि तिच्यावर भरवसा ठेवला होता. ही वीण ताणली की परत मिटते, हे खरे. परंतु ती मिटते ती धाग्याच्या अंगच्या कुरळेपणामुळे. दुकानात लोकर म्हणून मिळणारे पुष्कळसे धागे ॲक्रिलिकचे असतात. त्यांच्यावर एकदा गरम इस्त्री फिरली की ताण कायमचा जातो. खरी लोकरही ओली होऊन दोरीवर लोंबकळली की स्वतःच्याच वजनाने ओघळते. माझ्या विजारीचे दोन्ही झाले होते.

याहून मोठी चूक मापाची होती. दीड वर्षाच्या मुलाला कंबर नसतेच. पुढे गोल पोट, मागे लंगोटाचा फुगवटा, आणि मध्ये कापड अडावे असा खोलगटपणा कुठेही नाही. मूल ओणवे झाले की मागची बाजू ताणली जाते, काठ खाली सरकतो आणि एकदा तो फुगवट्याच्या खाली उतरला की उरलेली विजार त्याच्यामागून जाते. म्हणजे कंबर आवळून उपयोग नव्हता. मागची बाजू उंच हवी होती.

दुसरी विजार मी खालून वर, गोल सुईवर विणली. आठ नंबरची सुई, इंचाला पाच टाके, एकूण 104 टाके. कंबरेची पट्टी सुरू करण्याआधी फक्त मागच्या 52 टाक्यांवर अपुऱ्या ओळी घातल्या. शेवटचे पाच टाके न विणता वळायचे, दुसऱ्या टोकाला पाच सोडून वळायचे, मग दहा-दहा, पंधरा-पंधरा, वीस-वीस. वळताना पुढचा टाका नुसता उचलून त्याच्याभोवती धागा फिरवायचा आणि तो परत डाव्या सुईवर ठेवायचा, म्हणजे तेथे भोक पडत नाही. अशा आठ ओळींत मागची बाजू इंचभर उंच होते. मग सर्व टाक्यांवरून एक साधा फेर.

पट्टीसाठी दहा नंबरची बारीक सुई घेतली. एक इंच सुलट-उलट, दुमडण्यासाठी एक पूर्ण उलटा फेर, आणि पुन्हा एक इंच सुलट-उलट. टाके मात्र बंद केले नाहीत. बंद केलेला काठ ताठ होतो आणि पोटाला काचतो. पट्टी आत दुमडून सुईवरचा एकेक मोकळा टाका दाभणाने सैलसर शिवला आणि इलास्टिक ओवण्यापुरती दीड इंच जागा सोडली. इलास्टिक पाऊण इंच रुंदीचे घ्यावे, अरुंद पट्टी कातडीत रुतते. नातवाच्या पोटाचा घेर 19 इंच होता, मी 18 इंच इलास्टिक ठेवले. घातल्यावर दोन बोटे सहज आत जावीत आणि रात्री विजार काढल्यावर पोटावर वळ दिसू नये, एवढीच परीक्षा. वळ दिसला तर सोडलेल्या जागेतून इलास्टिक बाहेर काढून बदलता येते.

नाडीचा विचार माझ्याही मनात आला होता. लोंबती नाडी पाळण्याच्या गजात अडकते, तोंडात जाते. लहान मुलाच्या कपड्याला ती नसलेलीच बरी.

आता थोडे आपल्या हातांविषयी. घट्ट विणले की घट्ट बसते, या समजुतीने मी पहिली विजार धागा आवळून विणली होती आणि महिनाभर अंगठ्याच्या मुळाशी ठणका सोसला होता. सांध्याची झीज आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. विणणे सोडा असे मात्र सांगितले नाही. गोल सुईवर विणकामाचे ओझे मांडीवर राहते, मनगटावर येत नाही. वीस मिनिटे विणायचे, मग उठून पाणी प्यायचे. गडद निळा रंगही मी सोडला. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यात उलटा टाका दिसत नाही आणि मग आपण नकळत वाकून, खांदे आखडून बसतो. दुसरी विजार हळदीच्या रंगाची केली.

ती पाठवताना सोबत चिठ्ठी ठेवली: कोमट पाण्यात धुवावी, पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावी, सपाट पसरून वाळवावी आणि घसरली तर त्याच दिवशी फोन करावा. आठव्या दिवशी फोन आला. विजार घसरत नव्हती, पाय मात्र दोन बोटे लांब होते. सूनबाईने हे न चाचरता सांगितले. मी पाय दुमडून शिवायला सांगितले.

आता नातू अडीच वर्षांचा आहे. बटण नाही, नाडी नाही, म्हणून शी-शूला जाताना विजार स्वतःच खाली करतो आणि स्वतःच वर ओढतो. परवा त्याने ती उलटी घातली. मागचा उंच काठ पुढे, थेट छातीपर्यंत. सूनबाई बदलायला गेली, तर ऐकेना. म्हणाला, "आजीनेच अशी केलीय."