व्हॅक्सिन डेपोची वाट

टिळकवाडीतल्या माणसाला व्हॅक्सिन डेपो कुठे आहे हे सांगावे लागत नाही. तरीही पंधरा वर्षे मी त्याच्या कडेने स्कूटरवरून कॉलेजला जात राहिलो. आत पाय ठेवला तो गेल्या दिवाळीनंतर, तोही डॉक्टरांच्या धाकाने.

रक्तदाब १४६/९४ निघाला होता. आठवड्याने पुन्हा मोजला, तरी तेवढाच. ‘पण मला काहीच त्रास नाही,’ मी म्हणालो. डॉक्टर हसले, ‘सर, हेच तर वाईट आहे. हा सांगून येत नाही.’ मला बाबा आठवले. तेही असेच म्हणत. पुढे अर्धांगवायू झाला आणि शेवटची नऊ वर्षे त्यांनी डाव्या हाताने जेवून काढली.

‘गोळीचं तीन महिन्यांनी बघू. तोवर रोज अर्धा तास चाला, मीठ कमी करा,’ डॉक्टरांनी बजावले.

सकाळी साडेसहाला डेपोतली लाल माती दवाने ओली असते. जुन्या झाडांखालून सेवानिवृत्त मंडळी चालत असतात. सीमाप्रश्नापासून भाजीच्या भावापर्यंत सगळे विषय निघतात. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

मिठाचे पथ्य मात्र जड गेले. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही! सौ.ने ताटातले मीठ बंद केले; पण खरा चोर लोणचे, पापड आणि चहाबरोबरचे भडंग निघाले.

याच डेपोत एकेकाळी देवीची लस तयार होत असे. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आईच्या दंडावर त्या लशीचा वण अजून आहे. रक्तदाबाला अशी एकदा टोचून सुटका नाही. त्याची मात्रा रोज सकाळी नव्याने घ्यावी लागते.

तीन महिन्यांनी आकडा १३४/८४ वर आला. डॉक्टर म्हणाले, ‘चालणं सोडू नका. पुढे गोळी लागली तर घ्यायची, त्यात कमीपणा नाही.’

वाचकहो, चाळिशी उलटली असेल तर एकदा मोजून घ्या. आधी पाच मिनिटे शांत बसा, जिना चढून धापा टाकत नको. आणि सकाळी डेपोत आलात, तर भेट होईलच.