पंधराव्या वर्षाची झोप

दहावीतला मुलगा गाढ झोपलेला असतो, तेव्हा त्याच्याकडे जरा थांबून पाहावं. गोधडी आखूड पडू लागलेली असते आणि पावलं बाहेर आलेली असतात, अगदी बाबांच्या मापाची. ओठावर मिसरूड फुटलेलं, पण चेहरा मात्र अजून बालवाडीतलाच. दिवसभर कुठल्याही प्रश्नाला ‘काही नाही’ एवढंच म्हणणारा हा मुलगा झोपेत हाताची मूठ उघडी टाकून निर्धास्त पडलेला असतो. आई म्हणून मला त्याची ही झोप फार मोलाची वाटते.

आपल्या घरांत तान्ह्या बाळाच्या झोपेला केवढा मान! पाळण्याजवळ कुणी मोठ्याने बोललं तर आजी डोळे वटारते, दाराची कडीसुद्धा हलक्या हाताने लावली जाते. बाळ झोपेत वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेच बाळ पंधराचं झालं की त्याची झोप आळसाच्या खात्यात जमा होते. पाहुणे त्याला सूर्यवंशी म्हणतात. दहावीचं वर्ष लागलं की पहाटे चारच्या गजराचा सल्ला चारी दिशांनी येतो. पण वाढ अजून संपलेली नसते. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेतच सर्वाधिक स्रवतं, दिवसा वाचलेलं झोपेतच मेंदूत पक्कं बसतं. आणि स्वप्नांची झोप, जिच्यात मन दिवसभराचे ओरखडे भरून काढतं, ती रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. उशिरा झोपलेल्या मुलाला चारला उठवलं की नेमकी तीच हातची जाते.

वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा पाझरू लागतं. दहाला दिवा मालवला तरी मूल अकरापर्यंत टक्क जागं राहतं, त्यात नुसता हट्ट नसतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्सकाडन यांनी उन्हाळ्यात मुलांसाठी झोपेची शिबिरं भरवली. वय वाढेल तशी झोपेची गरज कमी होईल, अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. मोठी मुलंही सव्वानऊ तासांच्या आसपास झोपत राहिली, आणि तेवढं झोपूनही दुपारी लहानग्यांपेक्षा जास्त पेंगुळलेली आढळली. तेरा ते अठरा या वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी, असं आज झोपेचे तज्ज्ञ सांगतात.

आता आपलं वेळापत्रक पाहा. सकाळच्या अधिवेशनाची शाळा सातला भरते. साताऱ्याकडे पौष महिन्यात तेव्हा धड उजाडलेलंही नसतं. मफलर गुंडाळलेली मुलं अंधारातच कोपऱ्यावर रिक्षाची वाट पाहतात. संध्याकाळी क्लास, रात्री गृहपाठ. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला, हे फार चांगलं झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं, ती आठवी-दहावीची मुलं त्यात आली नाहीत. कॅलिफोर्नियात २०२२ पासून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांना साडेआठच्या आधी सुरू न होण्याचा कायदा लागू आहे. आपल्या पालकसभांतही गुणांच्या जोडीने हा विषय निघायला हवा.

शाळा बदलेल तेव्हा बदलेल, घर आजच बदलता येतं. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीत किंवा अंगणात, उजेडात काढली तर घड्याळ थोडं मागे येतं. पाचनंतरचा चहा बंद करावा. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. सगळ्यांचे म्हणजे आई-बाबांचेही, नाहीतर तो नियम मुलांच्या गळी उतरत नाही. रविवारी तासभर जास्त झोपू द्यावं, पण दुपार करू नये, नाहीतर सोमवार फार जड जातो.

या वयाच्या उशिरा जागण्यात पालकांसाठी एक दानही आहे. साडेदहाला मुलगा स्वयंपाकघरात येतो, ओट्याला टेकतो, डबा उघडून चिवड्याचा बकाणा भरतो. दिवे मंद झालेले, रस्ता शांत. आणि मग पाठ वळवून, फ्रिजकडे बघतच म्हणतो, “आई, प्रिलिमचं नाव काढलं की पोटात गोळा येतो गं.” अशा वेळी उपदेश गिळावा. “बस जरा,” म्हणावं, कपभर दूध गरम करावं आणि ऐकावं. जेवताना शंभरदा विचारून जे कळत नाही, ते या वेळी आपणहून बाहेर येतं. मन हलकं झालं की झोपही लवकर लागते. म्हणून आई-बाबांपैकी एकाने तरी तेवढा वेळ जागं आणि मोकळं असावं.

झोप हा मुलाच्या मनाचा पहिला निरोपही असतो. दोन आठवडे झोप उडाली, किंवा मूल दिवसरात्र झोपूनच राहू लागलं, खेळ सुटला, मित्र सुटले, डब्यातली पोळी तशीच परत येऊ लागली, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो; तिथे पालकही बोलू शकतात.

मुलाच्या गुणांचा हिशेब बोर्ड ठेवतं, क्लास ठेवतो, शेजारीही ठेवतात. त्याच्या झोपेचा हिशेब घराशिवाय कुणीच ठेवत नाही. ‘ऊठ, अभ्यास कर’ म्हणणारे त्याला आयुष्यभर भेटतील. ‘पुरे आता, झोप, उरलेलं उद्या’ हे त्याला आपणच सांगायला हवं, आणि सांगताना तेच खरं महत्त्वाचं आहे यावर आपला पूर्ण विश्वास हवा.