थांबलेल्या पानाचा खर्च

भवभूतीनं ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत आपल्या कुळाचं गाव विदर्भातलं पद्मपूर असल्याचं सांगितलं आहे. ते पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचंच, असं संशोधक वा. वि. मिराशींचं मत. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचंच नाव. या आठव्या शतकातल्या नाटककाराचे समास लांबच लांब. एकेका ओळीपाशी वाचक बराच वेळ अडकून पडतो. अशा अडकलेल्या वाचकाला ई-रीडरइतकं सोशिक यंत्र मिळायचं नाही.

ही सगळी करामत शाईची. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधनातून १९९७ साली ई इंक ही कंपनी निघाली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. वीज काढून घेतली तरी ते जागचे हलत नाहीत. अक्षर उमटवायला वीज लागते, टिकवायला लागत नाही. समास सुटेपर्यंत तासभर त्याच पानाकडे पाहत बसलं, तरी पडद्याचं बिल शून्य!

सोनीनं २००६ साली आणलेल्या रीडरची बॅटरी म्हणूनच पानांत मोजली होती : एका चार्जिंगमध्ये ७,५०० पानं. मोजण्याची ही रीत सरळ होती.

पुढं जाहिराती आठवड्यांची भाषा बोलू लागल्या. २०१२ च्या किंडल पेपरव्हाइटची बॅटरी आठ आठवडे चालेल असं सांगितलं गेलं; त्याखालच्या अटी अशा, की वाचन रोज अर्धा तास, वायरलेस बंद आणि पडद्याच्या प्रकाशाची पातळी १० वर. गुणाकार केला की आठ आठवड्यांचे उरतात २८ तास. अर्थात तेही काही कमी नाहीत. आमगाव हावडा-मुंबई मार्गावर आहे. इथून कुठल्याही टोकाला निघा, बॅटरीच्या आधी गाडी पोहोचते.

तरीही ‘माझं तर चार दिवसांत संपतं’ अशी कुरकुर ऐकू येते. ती खोटी नसते. रात्री लाइन गेली की वाचक प्रकाश वाढवतो, आणि तो देणारे पडद्याच्या कडेचे एलईडी मात्र फुकट जळत नाहीत. रेंज कच्ची असली की वाय-फाय जोडणीच्या शोधात उगाच धडपडत राहतं. बॅटरी खाणारं तिसरं कारण तर ठाऊकच नसतं. किंडलवर मराठी पुस्तकांचं दालन २०१६ च्या डिसेंबरात उघडलं. तेव्हापासून हौशी माणूस पन्नास पुस्तकं एकदम भरून ठेवतो. मग यंत्र शोधाच्या सोयीसाठी प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची सूची बनवायला बसतं. वरून झोपलेलं दिसतं, आत कारकुनी चालूच. पुस्तकं थोडी थोडी भरावीत, एअरप्लेन मोड लावावा, एवढ्यानं बरंच भागतं.

विदर्भातल्या उन्हावर मात्र असा सोपा तोडगा नाही. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत तर यंत्र ठेवूच नये. आणि रोवणीच्या दिवसांत ते कपाटात पडूनच राहणार असेल, तर निम्मं चार्ज करून पूर्ण बंद करावं. तळाला गेलेली बॅटरी तशीच महिनोन्‌महिने पडून राहिली, तर पुन्हा चार्ज घेईलच याची खात्री नसते.